अर्धा, एक, दोन रेआल: स्पॅनिश अमेरिकेतली चांदीची चिल्लर जमवताना

प्रश्न असा आहे: स्पॅनिश वसाहतींच्या काळातली छोटी चांदीची नाणी जमवायची आहेत. रेआल हे तिथलं चांदीचं चलन; त्यातला ८ रेआलचा मोठा डॉलर नको, त्याखालची चिल्लर हवी. पैसे बेताचेच घालायचेत. सुरुवात कुठून करावी, खरं-खोटं घरी कसं तपासावं आणि काळं पडलेलं नाणं साफ करावं का?

सुरुवात मेक्सिको शहराच्या टांकसाळीतल्या १७७२ ते १८२१ या काळातल्या, राजाचा चेहरा असलेल्या नाण्यांपासून करा. अर्धा रेआल, एक रेआल आणि दोन रेआल, एवढ्या तीनच किमती धरा. ही नाणी प्रचंड संख्येने पाडली गेली, त्यामुळे आजही बाजारात मुबलक आहेत. त्यांच्यावर साल, टांकसाळ आणि कस तपासणाऱ्या अधिकाऱ्यांची आद्याक्षरं छापलेली असतात, म्हणजे पडताळून बघायला हातात काहीतरी असतं. हातघडाईची वेडीवाकडी नाणी, ज्यांना तिकडे 'माकुकिना' म्हणतात, दिसायला जास्त मोहक असतात आणि नवखा माणूस नेमका तिथूनच सुरुवात करतो. त्याच नाण्यांत फसवणूक सर्वांत सोपी असते. चेहऱ्याची दहा-बारा नाणी नीट हाताळून झाल्यावर मागे जा.

पण पहिली खरेदी नाण्याची करू नका, वजनकाट्याची करा. सराफी दुकानात असतो तसा ०.००१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, व्यास मोजायला ०.०१ मि.मी. वाचणारा व्हर्नियर आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग, एवढ्यावर नव्वद टक्के काम होतं. ०.०१ ग्रॅमचा स्वस्त काटा मोठ्या नाण्याला पुरतो, अर्ध्या रेआलला पुरत नाही. त्याचं कारण घनतेच्या चाचणीत कळेल.

आता वजनांचं गणित. कास्तीलचा मार्क म्हणजे सुमारे २३०.०५ ग्रॅम. जुन्या नियमाने एका मार्कातून ६७ रेआल पाडायचे, म्हणजे एक रेआल ३.४३ ग्रॅमचा. १७२८ च्या आदेशाने ते ६८ झाले आणि रेआल ३.३८ ग्रॅमवर आला. पुढे स्पॅनिश सत्ता संपेपर्यंत तेच वजन राहिलं. त्यावरून बाकीची वजनं आपोआप निघतात:

पाव रेआल: ०.८५ ग्रॅम, व्यास सुमारे १२ मि.मी.
अर्धा रेआल: १.६९ ग्रॅम, १६ ते १७ मि.मी.
एक रेआल: ३.३८ ग्रॅम, २० ते २१ मि.मी.
दोन रेआल: ६.७७ ग्रॅम, २६ ते २८ मि.मी.

अंदाज यावा म्हणून सांगतो: ब्रिटिश काळातली चांदीची दुआणी १.४६ ग्रॅमची होती. अर्धा रेआल तिच्यापेक्षा जेमतेम थोरला.

कस मात्र बदलत गेला, आणि इथे या नाण्यांचा सर्वांत रंजक भाग आहे. १७२८ पर्यंत चांदी ०.९३१ शुद्ध होती, त्या वर्षी ती ०.९१७ वर आली. १७७२ मध्ये तिसऱ्या कार्लोसने नाण्यांचा सगळा नमुनाच बदलला. पुढच्या बाजूचे पृथ्वीचे दोन गोल गेले, हर्क्युलिसचे खांब मागे ढालीशेजारी सरकले आणि पुढे राजाचा चेहरा आला. या बदलाच्या आडून चांदी गुपचूप ०.९०३ वर आणली. १७८६ मध्ये पुन्हा एकदा, तेही गुप्त आदेशानेच, ती ०.८९६ केली. वजन तेच, आकार तोच, चांदी मात्र कमी. मेक्सिकोत १७७२ आणि १७७३ च्या नाण्यांवर टांकसाळीचं चिन्ह आणि अधिकाऱ्यांची अक्षरं उलटी बसवलेली दिसतात. बाकी मजकुराची अक्षरं ज्या बाजूला डोकं करून आहेत त्याच्या उलट दिशेला यांचं डोकं. कस उतरवल्याची ही टांकसाळीच्या लोकांना कळावी अशी खूण मानली जाते. दोन रेआलच्या नाण्याला क्राऊझ-मिशलर कॅटलॉगमध्ये केएम ८८ हा क्रमांक आहे. त्यात ८८.१ म्हणजे उलट्या अक्षरांचं आणि ८८.२ म्हणजे सरळ अक्षरांचं. एक रेआलला तेच ७८.१ आणि ७८.२, अर्ध्याला ६९.१ आणि ६९.२. हा फरक न बघता १७७३ चं नाणं विकणारे विक्रेते बरेच भेटतात. तो तुम्हाला दिसला, तर फायदा तुमचाच.

चांदीच्या भावाने मात्र या नाण्यांकडे बघू नका. अर्ध्या रेआलमध्ये १.५१ ग्रॅम, एकात ३.०३ आणि दोनमध्ये ६.०७ ग्रॅम शुद्ध चांदी असते, तीही नाणं कोरं असेल तर. "चांदीच्या भावात देतो" असं कुणी म्हणालं तर संशय घ्यायला ते एक वाक्य पुरे.

नाणं हातात आलं की काय वाचायचं ते मेक्सिकोचा १७८३ चा एक रेआल समोर धरून पाहू. पुढच्या बाजूला उजवीकडे बघणारा राजा, डोक्यावर पानांचा मुकुट, कडेने 'कारोलुस तिसरा, देवाच्या कृपेने' अशा अर्थाचा लॅटिन मजकूर आणि खाली साल. मागे मुकुटाखाली चार भागांची ढाल, दोन भागांत किल्ले आणि दोनांत सिंह. ढालीच्या दोन्ही बाजूंना खांब, खांबांवर फिती. कडेने 'हिस्पान एत इंड', म्हणजे स्पेन आणि इंडीज (समुद्रापलीकडच्या वसाहती). त्यापुढे एम अक्षर आणि त्याच्या डोक्यावर चिमुकला ओ, ही मेक्सिकोची खूण. मग '१ आर' आणि शेवटी एफ-एफ. झीज सर्वांत आधी राजाच्या कानावरच्या केसांवर आणि मागे ढालीतल्या सिंहांवर दिसते. सिंहाचे पाय वेगळे ओळखू येत असतील तर नाणं चांगल्या अवस्थेत आहे असं समजा. सिंह म्हणजे नुसता उंचवटा उरला असेल आणि तरीही विक्रेता व्हीएफ (व्हेरी फाइन, म्हणजे चांगल्या अवस्थेतलं) म्हणत असेल, तर त्याच्या बाकीच्या मालाकडेही त्याच नजरेने बघा.

शेवटची अक्षरं दुर्लक्षू नका. मेक्सिकोत चेहऱ्याच्या नाण्यांवर १७७७ पर्यंत एफ-एम, मग १७८४ पर्यंत एफ-एफ, पुन्हा १८०१ पर्यंत एफ-एम, १८०१ ते १८०३ एफ-टी, १८०३ पासून टी-एच, पुढे एच-जे, आणि १८१२ ते १८२१ जे-जे. जोडी बदलली त्या वर्षी दोन्ही अक्षरं सापडतात. १८१० सालच्या नाण्यावर एफ-एम दिसलं तर पुढे तपासण्यासारखं काही उरत नाही. खोटं पाडणाऱ्यांच्या हातून चूक बहुतेक इथेच होते. ते एका खऱ्या नाण्याची पुढची बाजू आणि दुसऱ्याची मागची बाजू उचलतात, नाहीतर साल तेवढं बदलतात.

राजाच्या बाबतीत मात्र उलटी सावधगिरी हवी. नाव आणि चेहरा जुळत नाही म्हणून नाणं खोटं ठरत नाही. तिसरा कार्लोस डिसेंबर १७८८ मध्ये गेला. बातमी समुद्रापलीकडे पोचायला वेळ लागला आणि नव्या राजाच्या चेहऱ्याचे ठसे यायला त्याहून जास्त. त्यामुळे १७८९ चं मेलेल्या राजाच्या नावाचं नाणं अस्सल असतं, आणि १७८९-९० ची, नव्या चौथ्या कार्लोसच्या नावाची पण तिसऱ्याच्या चेहऱ्याची नाणीही अस्सल असतात. काहींवर आकडा 'आय-व्ही' असा, काहींवर चार उभ्या रेघांनी. नवा चेहरा १७९१-९२ पासून दिसतो. १८०८ मध्ये सातव्या फर्नांदोच्या वेळी गोंधळ आणखी मोठा होता. राजा फ्रान्समध्ये नेपोलियनच्या कैदेत, ठसे येण्याची आशा नाही. मग मेक्सिकोने चिलखत घातलेला एक काल्पनिक फर्नांदो कोरला आणि लिमाने आपला वेगळाच. दोघांत काडीचं साम्य नाही. नंतर वस्त्र पांघरलेला, पानांच्या मुकुटाचा एकसारखा चेहरा आला. अर्ध्या रेआलमध्ये ही मालिका कमी पैशात उभी राहते आणि मला विचाराल तर संग्रहाचा पहिला ट्रे असाच लावावा: तिसरा कार्लोस, चौथ्याचं नाव पण तिसऱ्याचा चेहरा, चौथा स्वतः, चिलखती फर्नांदो, पांघरलेला फर्नांदो. पाच खाचे. शेजारी १७९६ पासून निघालेला पाव रेआल ठेवा. त्याच्यावर एकही शब्द नाही: एका बाजूला किल्ला, दुसऱ्या बाजूला सिंह.

बाकी टांकसाळींच्या खुणा थोडक्यात. लिमाची खूण म्हणजे एकात एक गुंफलेली अक्षरं. पोतोसीची (आजच्या बोलिव्हियातली) सुरुवातीला नुसती पी, १७६७ पासून पी-टी-एस एकमेकांवर रचलेली. ग्वातेमालाची जी, आणि १७७३ च्या भूकंपानंतर शहर हलवल्यावर एन-जी. सांतियागोची एस आणि वर छोटा ओ. बोगोताची एन-आर. नुसती पी मात्र दगा देते: लिमाच्या अगदी सुरुवातीच्या नाण्यांवर पी आहे, पोतोसीच्या हातघडाईवर पी आहे आणि पोपायानच्या (आजच्या कोलंबियातली टांकसाळ) नाण्यांवरही पी आहे. नाण्याची जात आणि साल बघितल्याशिवाय पी वाचू नये. सांतियागो आणि बोगोताची छोटी नाणी दुर्मीळ, म्हणून महाग. मेक्सिकोनंतर पोतोसी आणि लिमा घ्या.

एक सापळा असा, की ज्यात जाणतेही अडकतात. खुद्द स्पेनमध्ये, माद्रिद आणि सेव्हियात, तसाच चेहरा असलेली १ आणि २ रेआलची नाणी पडत होती. पण तो देशांतर्गत वापराचा हलका प्रकार: कस १७७२ नंतर सुमारे ०.८१३, दोन रेआलचं वजन साधारण ५.९ ग्रॅम. कडेचा मजकूर वाचा. वसाहतीच्या नाण्यावर 'हिस्पान एत इंड' असतं, स्पेनमधल्यावर 'हिस्पानियारुम रेक्स'. इंडीजचा उल्लेख नसेल तर ते वसाहतीचं नाणं नाही. माद्रिदच्या एम वर मुकुट असतो, मेक्सिकोच्या एम वर ओ. झिजलेल्या नाण्यात हे दोन्ही एकसारखे ठिपके दिसतात, म्हणून निकाल वजनावर आणि मजकुरावर करा.

झिजेबद्दल. ही चिल्लर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २१ फेब्रुवारी १८५७ च्या कायद्यापर्यंत अधिकृतपणे चालत होती. रेआल म्हणजे साडेबारा सेंट, दोन रेआल म्हणजे पाव डॉलर. त्या कायद्याने ही नाणी सरकारी कचेऱ्यांत २०, १० आणि ५ सेंटला जमा करून घ्यायचं ठरलं, म्हणजे तोपर्यंत ती किती घासली होती त्याची सरकारनेच दिलेली कबुली. अमेरिकेतून येणारा माल बहुतेक असा गुळगुळीतच असतो. अर्धा रेआल १.६० च्या वर असेल तर उत्तम, १.४५ पर्यंत असेल आणि चेहराही तितकाच झिजलेला असेल तर हिशेब जुळतो. गडबड कधी समजायची? चेहरा ठसठशीत आणि वजन कमी, किंवा चेहरा सपाट आणि वजन पूर्ण. झीज आणि वजन एकाच दिशेला गेले पाहिजेत.

घनतेची चाचणी अशी करा. काट्यावर पाण्याची छोटी काचेची वाटी ठेवा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर नाण्याला बुडबुडे चिकटतात आणि आकडा बिघडतो. मग काटा शून्यावर आणा. नाणं कोरडं वजन करून बारीक नायलॉनच्या दोऱ्याने बांधा, पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. काटा आता जो आकडा दाखवेल तो नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा. ०.८९६ कसाच्या चांदीची घनता १०.३ च्या आसपास येते, ०.९३१ ची १०.४ च्या जवळ. पितळ आणि जर्मन सिल्व्हर साडेआठच्या आसपास येतात, कथील ७.३ आणि शिसं ११.३.

आता छोट्या काट्याचं दुखणं बघा. कोरा अर्धा रेआल फक्त ०.१६४ ग्रॅम पाणी सारतो. ०.०१ चा काटा ते ०.१६ दाखवेल किंवा ०.१७. पहिल्या आकड्याने घनता १०.६ येते, दुसऱ्याने ९.९. या दोन्हींच्या मध्ये काय काय मावतं ते सांगायला नको. दोन रेआल मात्र ०.६५७ ग्रॅम पाणी सारतो, तिथे तोच काटा बऱ्यापैकी खरं बोलतो. नाण्याला भोक असेल तर दोरा भोकातून ओवा, पण भोकात अडकलेला बुडबुडा काडीने काढायला विसरू नका.

लोहचुंबकाने लोखंड, निकेल असे थोडेच धातू पकडले जातात. खोट्या रेआलांमध्ये लोखंड असतंच असं नाही, त्यामुळे "चुंबकाला चिकटत नाही" हे कौतुकाने सांगणाऱ्याला तुम्ही मान डोलवा आणि पुढे चला.

भिंगाखाली तीन गोष्टी बघा. एक, अक्षरांचा पाया. ठशाने पाडलेल्या नाण्यात अक्षर जमिनीतून कडक कोनात वर येतं, ओतीव नाण्यात ते मेणासारखं जमिनीत विरघळतं. दोन, बारीक खड्डे. ओतकामात हवेचे बुडबुडे राहतात, ते गोल तळाचे खड्डे होतात, विशेषतः अक्षरांच्या आतल्या बाजूला. तीन, काठ. यंत्राच्या नाण्यांना काठावर नक्षी दाबलेली असते. ती दोन पट्ट्यांमध्ये नाणं घरंगळवून उमटवायचे, म्हणून काठावर समोरासमोर दोन ठिकाणी नक्षी एकमेकांवर चढलेली सापडते. ही चढण असणं चांगलं लक्षण आहे. काठाच्या मधोमध सलग शिवण किंवा कानसेच्या तिरक्या रेघा दिसल्या तर नाणं परत करा. आणखी एक: विक्रेत्याच्या फोटोतला एखादा ठळक खड्डा किंवा ओरखडा लक्षात ठेवून त्याच सालाची इतर नाणी बघा. दोन नाण्यांवर नेमक्या त्याच जागी तोच ओरखडा असेल तर दोघं एकाच साच्यातली भावंडं आहेत.

त्या काळीच पाडलेली खोटी नाणी हा वेगळा विषय. तांब्यावर किंवा पितळेवर चांदीचा मुलामा चढवलेली ही नाणी बाजारात चालली, झिजली, कधी पकडली गेली. त्यांचे स्वतंत्र शौकीन आहेत. खोटं म्हणून, खोट्याच्या भावात जरूर घ्या.

जहाजबुडीची नाणी सर्वाधिक विकली जातात आणि सर्वाधिक गैरसमजही त्यांच्याबद्दलच. छोट्या नाण्यांसाठी 'एल कासादोर' हे जहाज महत्त्वाचं. जानेवारी १७८४ मध्ये ते व्हेराक्रुझहून न्यू ऑर्लिन्सला निघालं, पोटात ४,५०,००० पेसो (एक पेसो म्हणजे ८ रेआल), त्यातले सुमारे ५०,००० पेसो चिल्लरीत. ते वाटेत नाहीसं झालं आणि १९९३ मध्ये मासेमारीच्या जाळ्यात त्याची नाणी आली. त्यामुळे मेक्सिकोचे १७८३ चे छोटे रेआल आज इतर सालांच्या मानाने सहज मिळतात. खारं पाणी चांदीचं क्लोराइड आणि सल्फाइड करतं. ते विजेच्या प्रक्रियेने काढलं की खाली खडबडीत, निस्तेज पृष्ठभाग उरतो. अर्धा रेआल इतका पातळ असतो की त्याचा मोठा हिस्सा गेलेला असतो. अशा नाण्याचं वजन १.२ ग्रॅम भरलं तरी ते अस्सल असू शकतं, म्हणजे वजनाची कसोटी इथे लंगडी पडते. मग घनता, अक्षरांची ठेवण आणि अधिकाऱ्यांची जोडी यांच्यावर भिस्त ठेवा. सोबत येणाऱ्या प्रमाणपत्रावर त्याच नाण्याचा फोटो आणि वजन असेल तरच त्याला किंमत. फोटो नसलेलं प्रमाणपत्र कोणत्याही नाण्याला जोडता येतं. माझं स्पष्ट मत असं, की समुद्राने खाल्लेल्या नाण्याला जमिनीवरच्या तशाच नाण्यापेक्षा कमी पैसे द्यावेत. बाजार उलटं वागतो, कारण लोक नाण्याऐवजी जहाजाची गोष्ट विकत घेतात.

आता माकुकिना. चांदीची कांडी ओतायची, तिच्यातून तुकडे कापायचे, कातरून वजनात बसवायचे आणि दोन ठशांमध्ये ठेवून हातोडा मारायचा. मेक्सिकोत यंत्र १७३२ मध्ये आलं, लिमात १७५० नंतर, आणि पोतोसीत १७६७ मध्ये यंत्र आल्यावरही हातघडाई १७७३ पर्यंत रेंगाळली. ठसा तुकड्यापेक्षा मोठा असल्याने एका नाण्यावर सगळा मजकूर कधीच बसत नाही. म्हणूनच किंमत चेहऱ्यामोहऱ्यापेक्षा कशावर ठरते, तर टांकसाळ, अधिकारी आणि साल यांतलं किती वाचता येतं यावर. तिन्ही दिसणारं नाणं आणि तिन्ही काठाबाहेर गेलेलं नाणं यांच्या भावात कित्येक पटींचा फरक पडतो. अर्ध्या रेआलवर ढालीऐवजी राजाच्या नावाची गुंफलेली अक्षरं असतात. फिलिप असेल तर मोठ्या पी च्या पोटातून बाकीची अक्षरं निघालेली. ती वाचायची सवय लागायला थोडा वेळ द्यावा लागतो.

पोतोसीची १६५२ नंतरची एक आणि दोन रेआलची नाणी शिकायला सर्वांत चांगली. त्यांच्यावर तीन आडव्या ओळी असतात: वरच्या ओळीत टांकसाळ, किंमत, अधिकारी. मधल्या ओळीत 'प्लुस उल्त्रा' (स्पेनचं ब्रीदवाक्य) ही अक्षरं खांबांमुळे तीन तुकड्यांत चिरलेली. खालच्या ओळीत सालाचे शेवटचे दोन आकडे. तीच माहिती वर-खाली पुन्हा दिलेली असते, त्यामुळे एका ठिकाणी कापली गेली तरी दुसरीकडे सापडते. हा नमुना आला त्याला कारण होतं. १६४० च्या दशकात पोतोसीतले लोक चांदीत राजरोस हीण मिसळत होते, नाण्यांवरचा विश्वास युरोपपर्यंत उडाला, १६४९-५० मध्ये चौकशी होऊन टांकसाळीतल्या दोषींना देहदंड झाला. जुना नमुना रद्द करून लांबूनही नवं दिसेल असं नाणं काढलं. त्या घोटाळ्याच्या काळातली हीणकस नाणी घनतेला थोडी कमी भरतात, ती बघून खोटी समजून टाकून देऊ नका.

माकुकिनाच्या वजनात ढिलाई असते. टांकसाळीत एकेक छोटं नाणं तोलत नसत, एका मार्कात किती नाणी बसली ते बघत. त्यामुळे १.५ ते १.८ मधला अर्धा रेआल नेहमीचा. शिवाय लोकांनी काठ कातरून चांदी काढली ती वेगळीच. अलीकडचं कातरण ओळखता येतं: कापलेली कड चकचकीत आणि धारदार, बाकी नाणं काळं.

भोक पाडलेली नाणी उघड सांगून विकली तर स्वस्त असतात आणि ट्रे भरायला वाईट नाहीत. छोटं नाणं गळ्यात घालायला सोयीचं, म्हणून भोकं खूप. फसवणूक बुजवलेल्या भोकात आहे. तिरप्या उजेडात नाणं फिरवा: बुजवलेल्या जागी रंगाचा गोल, मजकुरातलं एक अक्षर जाड किंवा हाताने कोरलेलं, आणि मागच्या बाजूला नेमकं त्याच जागी तसंच काहीतरी. दागिन्यातून काढलेल्या नाण्याच्या काठावर बारा वाजण्याच्या जागी डाकाचा (सोल्डरचा) ठिपका राहतो.

साफसफाईचं उत्तर सरळ आहे: करू नका. चिंच-मीठ, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा आणि ॲल्युमिनियम फॉइल, काहीही नको. काळा थर चांदीचंच सल्फाइड आहे, तो काढला की वरची चांदी जाते आणि उरतो भांड्यासारखा खोटा चकचकाट. घासलेल्या नाण्याची किंमत पडते आणि ती परत येत नाही. हात लावायचा झालाच तर फक्त तेलकटपणा आणि पीव्हीसीचा हिरवा चिकटा काढा: शुद्ध ॲसिटोन, काचेची वाटी, दहा-पंधरा मिनिटं, मग ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा, शेवटी डिस्टिल्ड पाणी, आणि मऊ सुती कापडावर ठेवून टिपायचं, पुसायचं नाही. नेलपॉलिश काढायचं द्रव चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात. ॲसिटोन लगेच पेटतं, तेव्हा गॅसजवळ हे उद्योग नकोत.

हिरवा चिकटा येतो तो मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांमुळे. वाकवल्यावर रबरासारखं वाटणारं, नव्या शॉवर कर्टनसारखा वास येणारं पाकीट पीव्हीसीचं. मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक फिल्मच्या) खिडकीचे पुठ्ठ्याचे होल्डर घ्या आणि स्टेपलची टोकं पकडीने सपाट करा, नाहीतर ट्रेमध्ये ती शेजारच्या नाण्यावर ओरखडे काढतात. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर सिलिका जेलची पाकिटं हवाबंद डब्यात ठेवा, रंग बदलला की ओव्हनमध्ये सुकवा. रबरबँड, लोकरीचं कापड आणि वर्तमानपत्र चांदीजवळ नको, तिघांतही गंधक असतं. डांबरगोळ्याही नको.

खरेदी कुठून? भारतात स्पॅनिश चांदी खूप आली, पण ती सुरतेसारख्या बंदरांत ८ रेआलच्या रूपात, आणि टांकसाळीत वितळून तिचे रुपये झाले. चिल्लर इतक्या लांब आणण्यात व्यापाऱ्याला रस नव्हता. तेव्हा चोर बाजारात कुणी मूठभर छोटे रेआल पुढे केले तर आधी संशय, मग काटा, मग भाव. विश्वासू स्रोत परदेशी लिलावांचे: हातघडाईसाठी अमेरिकेतले डॅनियल फ्रँक सेडविक, स्पॅनिश मालासाठी बार्सिलोनाचे आउरेओ अँड कालिको. एकेक अर्धा रेआल मागवला तर टपालखर्च नाण्याइतकाच होतो, म्हणून पाच-दहा नाण्यांचे लॉट बघा. लॉटमध्ये एक चांगलं आणि बाकी भरताड असतं. बोली त्या एका चांगल्याच्या हिशेबाने लावा, भरताड फुकट धरा. लिलावगृहाचं कमिशन आणि कस्टमची ड्यूटी धरूनच वरची मर्यादा ठरवा.

आणि कायद्याचं एक. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनं नाणं पुरावशेषात मोडतं, आणि ते भारताबाहेर खासगी व्यक्तीला पाठवता येत नाही. परदेशातून आलेलं नाणं इथे पोचल्यावरही हाच प्रश्न येतो. त्यामुळे ग्रेडिंग करून (अवस्था तपासून दर्जा ठरवून) प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेलं नाणं हवं असेल तर ते तसंच बंद झालेलं विकत घ्या. कच्चं नाणं इथे मागवून नंतर एनजीसी किंवा पीसीजीएस या ग्रेडिंग कंपन्यांना अमेरिकेत परत पाठवण्याचा बेत करू नका. छोट्या झिजलेल्या नाण्यांना ग्रेडिंगची फी तशीही परवडत नाही. लिलावाचं बिल, कस्टमची पावती आणि विक्रेत्याचा मूळ फोटो मात्र प्रत्येक नाण्याच्या नोंदीसोबत जपून ठेवा. होल्डरवर साल, टांकसाळ, अधिकारी, वजन आणि घनता पेन्सिलीने लिहा, आणि लिहिताना नाणं होल्डरमध्ये नसू द्या.